काटा बंद असलेली चाळीस मिनिटं

महामार्ग कचेरीत तिला सगळे आकडेबाई म्हणत. रस्त्याच्या डांबराखाली दोन पट्ट्या पुरल्या होत्या, एक वजनकाट्याच्या अलीकडे, दुसरी पलीकडे. त्यांच्यावरून ट्रक गेला की त्याचं वजन आणि वेळ तिच्या संगणकात येई. सहा महिने आकडे साठत होते, पण त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

तिने पाहिलं. काटा चालू असताना जादा भरलेला ट्रक औषधालाही सापडत नव्हता. दिवसातून एकदा काटा 'दुरुस्तीसाठी' चाळीस मिनिटं बंद असे आणि तेवढ्यात दीडपट, पावणेदोनपट भरलेल्या गाड्यांची रीघ लागे. बंदची वेळ रोज वेगळी. तरी या गाड्या पहिली पट्टी ओलांडून कडेला दबा धरून बसत आणि काटा बंद होताच दुसरीवरून पसार होत. म्हणजे वेळ त्यांना आधीच कळत होती.

बंदच्या प्रत्येक आदेशाखाली काटाप्रमुखाची सही होती. ती सही तिच्या चांगल्या ओळखीची होती. काटाप्रमुख म्हणजे तिचे दाजी, सख्ख्या ताईचा नवरा. शिकताना ती चार वर्षं त्यांच्याच घरी राहिली होती आणि कॉलेजच्या अर्जांवर पालक म्हणून त्यांनीच सही केली होती.

आधी ती रस्त्यावर गेली. चाकोऱ्या गुडघ्याएवढ्या नव्हे, पण घोट्याएवढ्या खोल गेल्या होत्या. खडी टाकणाऱ्या मुकादमबाईने सांगितलं की गेल्या आठवड्यात इथेच एका पोस्टमनची सायकल अडकून तो पडला, आणि मागच्या ट्रकला ब्रेक लागेना. "एवढ्या वजनाला कुठला ब्रेक पुरणार?" एवढंच म्हणून ती पुन्हा खडी पसरू लागली.

रविवारी दुपारी ती ताईकडे गेली. दाजी संत्रं सोलत बसले होते. तिने कागद पुढे ठेवले. ते चिडले नाहीत, नाकारलंही नाही. उलट कौतुकाने हसले आणि पोरीने डोकं चांगलं चालवलं म्हणाले. मग एक फोड तिच्यापुढे धरली.

"खा. आणि हे फाडून टाक. रस्ता काय, आज ना उद्या खराब व्हायचाच."

"पोस्टमन मेलाय, दाजी."

"मग? ट्रक मी चालवत होतो का?" त्यांनी बी थुंकून ताटलीत टाकली. "चार वर्षं या घरात राहिलीस, तेव्हा कधी विचारलंस, घर कशावर चालतं?"

ताई दारात उभी होती. ती खाली मान घालून साली उचलू लागली. ताईला सगळं ठाऊक होतं. आकडेबाईने कागद गोळा केले. ती चप्पल घालून निघाली.

सोमवारी तिने कचेरीतल्या साहेबांपुढे अहवाल ठेवला. त्यांनी तो चाळला आणि आठवड्याची सरासरी काढायला सांगितली. सरासरीत सगळं मर्यादेत बसतं म्हणे. तिने सरासरी काढली नाही. मूळ आकडे थेट जादा भरलेल्या गाड्या धरणाऱ्या फिरत्या पथकाच्या प्रमुखाकडे पाठवले. कडेला गाड्या थांबू लागल्या की काटा बंद होणार, हे पट्ट्यांच्या आकड्यांवरून अर्धा तास आधी समजत होतं. गुरुवारी पथक उचलून नेता येणारे काटे घेऊन दुसऱ्या पट्टीपाशी उभं राहिलं आणि चाळीस मिनिटांत एकोणीस ट्रक धरले. त्यानंतर जड गाड्या खरोखरच कमी झाल्या. पथकाच्या कामगिरीबद्दल साहेबांचा सत्कार झाला. हार घालून घेताना त्यांनी तिच्याकडे पाहून डोळा मारला.

दाजींना कुणी धक्का लावला नाही. अनुभवी माणूस म्हणून त्यांना नव्या निरीक्षकांना शिकवायला नेमलं. ताईने फोन उचलणं बंद केलं.

महिन्याभराने तिला त्याच वर्गात आकडे समजावायला पाठवलं. दाजींनी ओळख करून दिली, "ही आमच्या घरचीच मुलगी," आणि तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले. ती मागे सरली. तो हात हवेतच राहिला.

तिने पडद्यावर आलेख लावला, शेजारी बंदचे आदेश लावले.

"काटा कधी बंद ठेवला ते वर लिहिलंय," ती तीसजणांना म्हणाली. "कोणी ठेवला ते खाली. वाचा."

तीस नजरा आदेशाखालच्या सहीवर गेल्या. दाजी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेले, ते परत आलेच नाहीत. तिने उरलेला तास पूर्ण शिकवला.