ड्वेनचं काळं तळं

टक्सनच्या विनिफ्रेडचं पत्र ड्वेनने मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा मी भांडी घासत होते.

"ऐक गं आर्लिस, काय लिहिलंय बाईने! 'इतकं मऊ काळं मी आजवर पाहिलं नव्हतं.' मऊ काळं! मला आपलं वाटलं होतं, नुसतंच काळं आहे."

"नुसतंच काळं आहे," मी म्हटलं आणि कढई जरा जोरात आपटली.

त्याला कळलं नाही. नवऱ्याला काही गोष्टी कळतच नाहीत, आणि माझ्या नवऱ्याला तर कधीच नाही. तो खुर्चीत रेलून पुढचं पत्र वाचायला लागला. तेही त्याच्याच कौतुकाचं.

आता ही मंडळी कोण ते सांगते. आमचा ईमेलवरचा गट आहे, सगळे फ्रॅक्टलवेडे. कॉम्प्युटरला एक सूत्र द्यायचं आणि त्यातून उमटणाऱ्या नक्षीच्या आत आत शिरत जायचं. जितकं आत जाल तितकी नवी नक्षी निघते, तळ म्हणून लागतच नाही. चांगला कोपरा शोधणं आणि त्याला रंग चढवणं, एवढंच काय ते माणसाच्या हातात. रोज एक चित्र पाठवायचं आणि चित्राखाली त्याचे आकडे द्यायचे, हा आमचा नियम. ते आकडे कुणीही आपल्या कॉम्प्युटरला भरवले की हुबेहूब तेच चित्र त्याच्या पडद्यावर येतं. कुणी तुमच्या जागेवरून आणखी पुढे गेलं, तर चित्राला आधी तुमचं नाव आणि मग त्याचं. पाककृती लपवणाऱ्या बायका चर्चच्या तळघरात चालतात, आमच्याकडे चालत नाहीत.

डलूथच्या टपाल कचेरीत खिडकीवर माझी उमर गेली. निवृत्त झाले आणि ह्या नादाला लागले. सकाळी कॉफी, मग चित्र, मग चित्राखाली चार ओळी: आज थंडी किती, तलावावर बर्फ धरला का, पाठ कशी आहे. मंडळींना त्या ओळी आवडायच्या. चित्राबद्दल मात्र लोक जपून बोलायचे.

गट चालवतात रिटर मास्तर. कॅनडात ग्वेल्फला असतात, शाळेत गणित शिकवायचे. कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष माणूस. पण दर डिसेंबरात ते वर्षातलं एक चित्र निवडतात, मोठं छापून घेतात, चौकट करून आपल्या घराच्या बोळात टांगतात आणि त्याचा फोटो सगळ्यांना पाठवतात. मला त्या भिंतीवर जायचं होतं. लोकांना हवाईला जायचं असतं, मला रिटर मास्तरांच्या बोळात. सहा वर्षं मी रोज चित्र पाठवत होते, आणि सहा वर्षांत मास्तरांनी मला सगळ्यात मोठी शाबासकी दिली ती अशी: 'आर्लिस, व्यवस्थित.' व्यवस्थित! पाकिटाला चिकटवलेल्या तिकिटाला म्हणतात तसं.

ड्वेन गटात गेल्या मार्चमध्ये आला. गालिच्यांचं दुकान बंद करून घरी बसला होता. एक दिवस म्हणाला, "मीपण करून बघू का ते तुझं?" मला वाटलं, आठ दिवसांत कंटाळेल. मीच त्याला प्रोग्राम दाखवला, मीच मास्तरांना लिहून त्याचं नाव घालून घेतलं. स्वतःच्या हाताने.

त्याला सूत्र म्हणजे काय ते आजही माहीत नाही. वाटेल तिथे टिचकी मारतो आणि म्हणतो, "हे बरं दिसतंय." पण रंग! अख्खा जन्म गालिच्यांत काढलेला माणूस. कुठल्या तपकिरीशेजारी कुठला हिरवा बसतो ते त्याच्या बोटांना ठाऊक. वर नावं कसली द्यायचा? 'आत्याचा कोट'. 'पाद्र्याची दुसरी बशी'. मंडळी हसून लोळायची. माझ्या चित्रांची नावं 'सर्पिल अभ्यास' अशी असायची. उन्हाळा संपेपर्यंत त्याच्या चित्रांखाली पत्रांची रांग लागायला लागली आणि माझ्या चित्रांखाली 'पाठ कशी आहे?' एवढंच उरलं.

आणि नोव्हेंबरात हे तळं. मधोमध मोठं काळंभोर, काठाने तांबूस आणि पिवळट झालर, गवत सुकल्यावर दिसतं तशी. ड्वेनने नाव दिलं, 'इथे मासे नाहीत'. विनिफ्रेड वितळली ते मी समजू शकते, ती कशानेही वितळते. पण त्या दुपारी मास्तरांचं पत्र आलं: 'ड्वेन, ह्याच्यासमोर मी बराच वेळ बसून होतो.'

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोटं कशाला सांगू? माझा नवरा मरावा असं मला वाटलं नाही, पण त्याचा कॉम्प्युटर मरावा असं जरूर वाटलं.

दुसऱ्या दिवशी ड्वेन चर्चमध्ये खुर्च्या मांडायला गेला. मी त्याच्या तळ्याचे आकडे माझ्या कॉम्प्युटरला भरवले आणि एकेक तपासायला बसले. तिसऱ्या ओळीत घबाड सापडलं.

त्याचं असं असतं. चित्रातला प्रत्येक ठिपका कॉम्प्युटर सूत्रातून पुन्हा पुन्हा फिरवतो. जो फिरता फिरता निसटतो, त्याला रंग मिळतो. जो निसटत नाही तो काळा. पण किती फेऱ्या फिरवायचं, ते आपण ठरवायचं. फेऱ्या कमी ठेवल्या, तर उशिरा निसटणारे ठिपकेही उगाच काळे राहतात. ड्वेनने फेऱ्या अगदी कमी ठेवल्या होत्या. प्रोग्राम जशा देतो तशाच, हातही न लावता, कारण तसं केलं की चित्र पटकन होतं. म्हणजे ते मऊ काळं, ज्याच्यासमोर मास्तर बसून होते, ते मुळात तिथं नव्हतंच!

मी फेऱ्या दसपट केल्या आणि चित्र पुन्हा लावलं. कॉम्प्युटर घरघरायला लागला. चित्र वरून खाली ओळीओळीने उतरतं, आणि एवढ्या फेऱ्या म्हटल्यावर अर्धा दिवस जातो. पण मला अर्धा दिवस लागलाच नाही. तळ्याचा वरचा काठ आला आणि काळं फुटायला लागलं. राखेसारखे ठिपके, घाणेरडी धूळ नुसती. मी एकटीच टाळी वाजवून हसले. मग चित्र तिथेच थांबवलं आणि मंडळींना लिहिलं:

'ड्वेनचं तळं खोटं आहे. फेऱ्या वाढवा आणि बघा, काळं टिकत नाही. हे तळं नाही, हा आळस आहे. आर्लिस.'

पाठवून दिलं आणि रात्रीच्या जेवणाला ओव्हनमधल्या हॉटडिशची तयारी करायला घेतली. इतकी चांगली भूक मला बऱ्याच दिवसांत लागली नव्हती.

ड्वेन आला, बूट काढले, कॉम्प्युटरशी बसला. माझं पत्र वाचलं. मग म्हणाला, "आळस आहे हे खरंय. पण घरात सांगितलं असतंस तरी चाललं असतं की गं."

"चित्र घरात दाखवलं होतंस? मंडळीत दाखवलंस, म्हणून मंडळीत सांगितलं."

"चिडलीयेस."

"मी? मी कशाला चिडू? तुला मासेमारी आहे, बोलिंग आहे, चर्चमधली कॉफी आहे, रस्त्याने जाताना कुत्रीसुद्धा तुझ्याकडे बघून शेपूट हलवतात. मला हे एवढं एकच होतं, ड्वेन. त्यातपण तुला घुसायचं होतं?"

तो मान खाली घालून मोज्याचा धागा ओढत बसला. "सांगू का?"

"सांग की. तुला कोण अडवतंय."

"तू रोज सकाळी त्यांना लिहितेस. पाठ दुखते म्हणून, तुझी बहीण स्वप्नात आली म्हणून. मी टेबलाच्या ह्या बाजूला बसलेला असतो. मला विचारलं तर म्हणतेस, 'काही नाही, कॉफी घे.' म्हटलं, मंडळीत शिरलो तर आपल्यालाही वाचायला मिळेल."

"मग नुसतं वाचायचंस! चित्रं कशाला काढलीस?"

"नुसत्या वाचणाऱ्याला मास्तर ठेवतात कुठे? चित्र नाही तर नाव कट. तूच सांगितलं होतंस."

आता ह्यावर बाईने काय करावं? गळ्यात पडावं, हे मलाही कळतं. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट घणघणत होती. "म्हणजे तुला ह्याची आवडसुद्धा नाही?"

"नव्हती," तो म्हणाला आणि ओशाळं हसला. "आता लागलीये."

हे तर त्याहून वाईट. मी सहा वर्षं जीव टाकला आणि हा माणूस बायकोच्या पाठदुखीची बातमी काढायला आला आणि जाता जाता मास्तरांना खुर्चीत बसवून गेला. मी त्याला वाढलं आणि स्वतः न जेवता उठले. मघाची भूक कुठे गेली कोण जाणे.

सकाळी मास्तरांचं लांबलचक पत्र आलं होतं. सगळ्यांना.

'आर्लिसचं म्हणणं बरोबर आहे. मीच तपासायला हवं होतं, काळ्याला भुललो. तिच्या सांगण्याप्रमाणे फेऱ्या वाढवून चित्र पूर्ण होऊ दिलं. वरची धूळ संपली की तळ्याच्या मध्यावर जे उघडतं, तसं मी ह्या गटात पाहिलेलं नाही. आर्लिसने ते सोबत जोडलं नव्हतं, आम्ही आपापलं बघावं असा तिचा हेतू असणार, आणि ते मला फार आवडलं. ह्या वर्षी भिंतीवर हेच. जागा ड्वेनची, खोलवर उतरणं आर्लिसचं. नियमाप्रमाणे नावं दोन.'

मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मी भिंतीवर होते! सहा वर्षांनी, नवऱ्याच्या नावाच्या मागे लोंबकळत, आणि मी न पाहिलेल्या चित्रासाठी.

मी काही ठरवायच्या आत ड्वेनने टेबलाच्या त्या बाजूने उत्तर टाकलंसुद्धा. 'मास्तर, माझं नाव काढा. मी फक्त टिचकी मारली होती. आत उतरली ती आर्लिस. भिंत तिची आहे, ती फार दिवस वाट बघतेय. ड्वेन.'

आणि मग पत्रांचा पूर आला. चित्राबद्दल? छे! ड्वेनबद्दल. 'काय माणूस!' 'आर्लिस, तू नशीबवान.' विनिफ्रेडने तर लिहिलं की ती हे वाचून आपल्या नवऱ्याशी दिवसभर बोलली नाही. भिंतीवर मी, आणि गावभर कौतुक त्याचं! चांगुलपणातसुद्धा हाच पुढे!

मला त्याच्या हातून दान नको होतं. मी बसले आणि लिहिलं: 'मास्तर, मी चित्र पुरं होऊ दिलं नव्हतं. धूळ दिसली तिथेच थांबवलं. मध्यावर काय आहे ते मी अजून पाहिलेलं नाही. जे मी पाहिलंच नाही त्यावर माझं नाव नको. ड्वेनचं एकट्याचं टाका.' पाठवायचं बटण दाबलं आणि हाताने तोंड झाकून घेतलं.

ड्वेनला ते पत्र पोचायला किती वेळ लागणार? तो चार फुटांवर होता. त्याने वाचलं, चष्मा काढला.

"का गं थांबवलंस?"

"मला तुझं चित्र तोंडघशी पडताना बघायचं होतं, ड्वेन. पडायला लागलं, म्हणून बंद केलं. पुढचं कशाला बघू?"

मला वाटलं, आता तरी चिडेल. एकदाच चिडावं, म्हणजे आम्ही सारखे झालो असतो. तो उठला, आपली खुर्ची ओढत माझ्या कॉम्प्युटरपाशी आणली आणि म्हणाला, "मग आता बघ की. मीपण पाहिलेलं नाही. मास्तरांनी पाठवलेलं चित्र मी उघडलं नाही अजून, म्हटलं तुझ्याकडेच बघू."

चित्र लावलं. धूळ उतरायला लागली. बाहेर बर्फ सारणारी गाडी येऊन गेली. ड्वेनने कॉफी केली, सँडविचं केली, दोन्ही तिथेच आणली. एकदा त्याने विचारलं, "पाठ कशी आहे?" आणि मी सांगितलं, दुखतेय.

दुपार कलली तेव्हा धूळ संपली. आधी एक बारीक वळसा आला, मग त्यातून दुसरा, मग शेकडो, केसाहून बारीक. प्रत्येकाच्या टोकाला इवलं काळं तळं, आणि हे काळं खरं, कितीही फेऱ्या दिल्या तरी न हटणारं. त्याचेच रंग, तांबूस आणि पिवळट, पण आता खोल खोल गेलेले. सहा वर्षं रोज सकाळी मी जे शोधत होते ते हेच होतं, हे मला बघताक्षणी कळलं. ते त्याच्या टिचकीखाली निघालं होतं, आणि मी त्याच्या दारापर्यंत जाऊन दार लावून परत आले होते.

मला रडू फुटलं. आवरेना.

"सुंदर आहे ना गं?" ड्वेनचे स्वतःचेही डोळे भरले होते. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, नेमका दुखऱ्या जागी, आणि हलके हलके चोळायला लागला. "आपलंच आहे ते, आर्लिस. दोघांचं."

मी होकारार्थी मान हलवली. ते दोघांचं नव्हतं, पण त्याला मी तसं सांगितलं नाही.