मास्तरांचं नाक

"मास्तर, माणसं येऊन बसलीत. पिंपं लागली का?" स्वयंपाकघराच्या दारातून आचाऱ्याने विचारलं.

"लागतायत," मास्तर म्हणाले आणि थंड खोलीत तसेच उभे राहिले.

समोर बिअरची दोन पिंपं होती, एकाच मापाची, एकाच पत्र्याची. एकात गव्हाची बिअर होती. दुसऱ्यातली, बिअरला कडवटपणा आणि वास देणारी हॉप्सची फुलं सढळ हाताने घालून केलेली. कुठली कुठे आहे ते पिंपावर लिहून ठेवायची पद्धत या जागेत कधी रुजलीच नाही. खडू ओलीने पुसला जायचा, कागद गळून पडायचा, आणि मुख्य म्हणजे गरजच पडायची नाही. मास्तर ग्लासात घोटभर काढायचे, नाकाखाली धरायचे आणि सांगून मोकळे व्हायचे, ही अमुक, ती तमुक. मालकीण स्वतः बिअर करणारी. पण तीसुद्धा म्हणायची, "चिठ्ठ्या कशाला चिकटवायच्या? मास्तर आहेत ना."

मास्तरांनी दोन्हींतून घोटघोट काढला. दोन्ही गढूळ, दोन्ही फिक्या पिवळ्या. नाकाशी धरल्या. पाण्याचे दोन ग्लास धरले असते तर जितकं कळलं असतं तितकंच कळलं. मग चव घेतली. जीभ शाबूत होती. गोड, आंबट, खारट, कडू एवढं ती अजून इमानाने सांगायची, पण या दोन्हींत कडवटपणा मालकिणीने मुद्दामच बेताचा ठेवलेला. डावीकडची जरा जास्त कडू वाटली आणि दुसऱ्या घोटाला तशी वाटली नाही. शेवटी त्यांनी दोन्ही ग्लास दिव्यासमोर धरले. उजवीकडची अधिक गढूळ दिसत होती, आणि गव्हाची गढूळ असते. त्यांनी पहिला नळ उजवीकडच्या पिंपाला जोडला. इतक्या वर्षांत त्यांनी इथे अंदाजपंचे काम कधी केलं नव्हतं. हात पुसताना त्यांना स्वतःचाच राग आला.

मास्तर शाळेतले मास्तर नव्हते. पूर्वी ते सरबतांच्या कारखान्यात होते. तिथे अर्क हुंगून पास-नापास करता करता त्यांचं नाक तयार झालं, आणि कारखाना बंद पडल्यावर मालकिणीने ते नाक माणसासकट उचललं. दर रविवारी दुपारी इथल्या लांब टेबलाभोवती लोक जमायचे. छोट्या ग्लासांतून एकेक बिअर यायची, प्रत्येकीबरोबर तिला शोभणारा एक घास यायचा, आणि दोन्हींच्या मध्ये मास्तर उभे राहून बोलायचे. ही बिअर या माशाबरोबर का आणि त्या चीजबरोबर का नाही, हे ते अशा काही थाटात सांगायचे की समोरच्याला वाटावं, आपण आजवर जेवलोच नाही, नुसतं गिळत आलो. मास्तर हे नाव त्यातूनच पडलं. एरवी तो नाकासमोर चालणारा, कमी बोलणारा माणूस होता.

हिवाळ्यात त्यांना ताप आला. आठवड्याने उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. त्यांच्या ते लक्षात यायलाही वेळ लागला. एका सकाळी दाढीनंतर लावायच्या पाण्याची बाटली हातातून निसटून फुटली. बायको नाक दाबून धावत आली, आणि हे खाली बसून शांतपणे काचा वेचत होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, वास परत येईल, किंवा येणारही नाही. या निदानात चूक काढायला काही जागाच नव्हती.

"मालकिणीला सांगून टाका एकदाचं," बायको म्हणायची.

"सांगू काय? तिथे माझं नाक नोकरीला आहे. मी आपला त्याच्यासोबत जातो."

बायको हसायची नाही. दूध नासलं की नाही ते आता तीच बघायची, बाहेर जाताना त्यांच्या शर्टाला हवं तेवढं अत्तरही तीच लावायची. त्यांचं काम मात्र अडलं नव्हतं. बिअर त्याच होत्या, घास तेच होते, आणि भाषण तोंडपाठ होतं. पाठांतरावर माणूस बरेच दिवस काढू शकतो.

त्या रविवारी टेबल भरलेलं होतं. मधोमध एक चष्मेवाले गृहस्थ होते, बिअरवर बरंच वाचून आलेले आणि तसं सांगूनही टाकलेले. पलीकडे एका ऑफिसातल्या मैत्रिणी. टोकाला एक मुलगा, त्याची बायको आणि आई. मुलाला बढती मिळाली होती म्हणून आईलाही आणलं होतं. केस पांढरेशुभ्र, पर्स मांडीवर घट्ट धरलेली. बिअर कधी घेतली नव्हती, पण "बघू तरी काय असतं ते" म्हणून घोटभरासाठी ग्लास पुढे केला होता.

पहिली बिअर आली, सोबत लिंबू पिळलेल्या माशाचा तुकडा. मास्तरांनी ग्लास उचलला आणि आवाज चढवला.

"प्यायची घाई नाही. आधी नाक, मग जीभ, मग घास. ही गव्हाची. वास घ्या. काय येतंय? पिकलेलं केळं. आणि त्याच्या मागून, दबकत दबकत, लवंग."

सगळ्यांनी नाकं खुपसली.

"केळं," चष्मेवाले म्हणाले. "अगदी स्पष्ट."

"लवंगपण येतेय," एक मैत्रीण डोळे मिटून म्हणाली. दुसरीलाही आली. टेबलभर केळ्याची आणि लवंगेची साथ पसरली.

"मला नाही बाई येत केळं," टोकाची आई म्हणाली. "मला संत्र्याची साल येतेय. नखाने सोलताना कशी उडते, तशी."

मास्तर हसले. असं बोलणारं दर रविवारी कुणीतरी असायचं आणि त्यांच्यासाठी हे हसू ठेवलेलंच होतं. "मावशी, पहिल्यांदा होतं असं. नाक गोंधळतं. डोळे मिटून परत घ्या बघू. केळंच आहे ते."

टेबल हसलं. कुणी वाईट हेतूने नाही. मावशींनी सांगितल्याप्रमाणे डोळे मिटले, परत वास घेतला. "संत्रंच येतंय," त्या म्हणाल्या, पण आता आवाज खाली आला होता.

"आई, सगळ्यांना केळं येतंय," सून म्हणाली.

"मी म्हणत होतो ना?" मुलगा बायकोला म्हणाला. "परवा गॅस उघडा राहिला, तेव्हाही हेच झालं असणार. आईला वासच कळेनासा झालाय. आता खरंच तिला स्वयंपाकघरात नको उभं करायला."

"अरे, गॅसचा वास मलाच तर आधी आला होता. मीच बंद केला."

"बरं बरं, आई. मासा खा."

मावशींनी मासा खाल्ला, वर बिअरचा घोट घेतला आणि तोंड कडू झाल्यासारखं केलं. दुसरा घोट घेतला नाही. "असेल," त्या कुणाकडेच न पाहता म्हणाल्या. "वय झालं आता."

मास्तर दुसरी बिअर भरायला नळापाशी गेले. मालकीण ट्रे घेऊन उभी होती. भरलेला पहिला ग्लास तिने सवयीने नाकाशी नेला आणि तिथेच थांबली.

"मास्तर, ही गव्हाची आहे."

मास्तरांच्या हातातला ग्लास भरून फेस बोटांवरून वाहायला लागला. त्यांनी नळ बंद केला.

"म्हणजे मघाशी दिली ती..."

"ती दुसरी. हॉप्सवाली." ती त्यांच्याकडे बघत राहिली. "तुम्हाला कळलं नाही?"

"जरा सर्दी आहे."

"कधीपासून?"

मास्तरांनी बोटं पुसली. मालकिणीने उत्तराची वाट बघितली आणि ते मिळाल्यासारखी मान हलवली. ती काही वाईट बाई नव्हती. या जागेसाठी तिने हाडांची काडं केली होती, आणि इथे येणारा माणूस मास्तरांच्या शब्दावर ग्लास उचलतो हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"ते आपण नंतर बोलू," ती हळू आवाजात म्हणाली. "आत्ता काही बोलू नका. तुम्ही केळं म्हणालात, सगळ्यांना केळं आलं. आता संत्रं म्हणा, सगळ्यांना संत्रं येईल. कुणाला काही कळलेलं नाही."

"टोकाला बसल्यात त्यांना कळलंय."

"त्यांचं काय घेऊन बसलात? त्या कशाला परत येतायत? मास्तर, इथे जमलंय ते जमू दे. तुमच्याही दृष्टीने बरं आहे ते."

तिचं म्हणणं खरं होतं. गप्प बसलं की दोघांचंही निभत होतं. नाक नसलेल्या मास्तरांना या जागेत काय काम उरेल, हे दोघांनाही कळत होतं.

मास्तरांनी ग्लास वाटले. दुसरा घास होता कडक, जुन्या चीजचा. सगळे ग्लास हातात धरून थांबले, मास्तर काय वास सांगतात याची वाट बघत. फक्त मावशींना थांबायचं लक्षात राहिलं नाही. त्यांनी ग्लास नाकाशी नेला, त्यांच्या नाकपुड्या हलल्या, तोंड उघडलं. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि ग्लास तसाच खाली ठेवला. हात परत पर्सवर गेले.

ते बसणं मास्तरांच्या ओळखीचं होतं. हिवाळ्यापासून घरी जेवायला ते तसेच बसत होते, आपल्याला काही विचारू नये अशा बेताने. पण त्यांचं नाक गेलं होतं. या बाईचं होतं, अगदी जागच्या जागी होतं, आणि चार लोकांत हसून त्यांनीच ते तिच्याकडून काढून घेतलं होतं. उद्यापासून तिच्या हातून स्वयंपाकघरही जाणार होतं. मास्तरांना शरम वाटली. त्याखाली थोडा हेवाही होता, तो त्यांनी स्वतःशी कबूल केला.

"एक चूक झालीय," ते म्हणाले.

आवाज रविवारचा लागला नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. "चूक झालीय. माझी. पहिली बिअर गव्हाची नव्हती. पिंपं उलटी लागली. गव्हाची ही आहे, आत्ता हातात आहे ती. केळं या ग्लासात आहे. मघाच्यात संत्र्याची साल होती. या मावशी बरोबर होत्या. इथे त्या एकट्याच बरोबर होत्या."

चष्मेवाल्यांनी आपला ग्लास हुंगला आणि खाली ठेवला.

"असं कसं झालं पण?" मुलाने विचारलं. विचारण्यात राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं. "तुम्ही तर वास घेऊन सांगितलंत."

"मला वास येत नाही," मास्तर म्हणाले. "हिवाळ्यात ताप आला, तेव्हापासून. मी आठवणीवर बोलतो." मग ते सरळ मुलाकडे वळले. "तुमच्या आईंचं नाक उत्तम आहे. मी पंचवीस वर्षं या कामात होतो, म्हणून सांगतोय. गॅसचा वास त्यांना आधी आला म्हणतात, तर तो आला असणार."

मुलगा आईकडे बघायला लागला. सुनेने सासूचा पहिला ग्लास, एक घोट सोडला तर अजून तसाच भरलेला, स्वतःकडे ओढला आणि हुंगला. "संत्रंच आहे हो," ती नवऱ्याला म्हणाली. मावशींनी पर्स मांडीवरून काढून खुर्चीच्या पाठीला अडकवली.

मालकीण नळापाशीच उभी होती. मास्तरांनी तिच्याकडे पाहायचं टाळलं. ऑफिसातल्या मैत्रिणींपैकी एकीला हसू आवरत नव्हतं, दुसरी तिला कोपराने गप्प करत होती. आता कुणी उठून जाईल, मग दुसरा उठेल, असं मास्तरांना वाटलं. तेवढ्यात मालकीण तिसऱ्या बिअरचा ट्रे घेऊन आली. काळी, दाट, वर तपकिरी फेस, आणि सोबत चॉकलेटच्या केकचा तुकडा. तिने स्वतःच्या हाताने ग्लास मांडले. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"पुढच्या रविवारचं मी ठरवेन," ती मास्तरांच्या शेजारून जाताना म्हणाली. "आजचं पूर्ण करा."

मास्तरांनी मान हलवली. मग ते टेबलाच्या टोकाला गेले आणि मावशींच्या शेजारी, मुलाने सरकून दिलेल्या जागेत, बसले. रविवारच्या दुपारी बसलेले मास्तर इथे कुणी पाहिले नव्हते.

"ही तुम्ही सांगा."

"मी?" मावशी म्हणाल्या. "मला कुठे ती तुमची भाषा येते?"

"भाषा राहू दे. काय येतंय तेवढं सांगा."

मावशींनी मुलाकडे पाहिलं. "सांग की," तो म्हणाला. त्यांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ वास घेतला.

"दूध खाली लागतं ना, पातेलं उतरवायला उशीर झाला की? तसं काहीतरी. पण वाईट नाही. खरवडून खावंसं वाटेल असं."

"काय म्हणाल्या?" पलीकडच्या टोकाहून कुणीतरी विचारलं. मावशींचा आवाज तिथवर पोचत नव्हता.

मास्तर त्या बाजूला वळले आणि त्यांचा तो चढा, स्वच्छ आवाज लावून म्हणाले, "खाली लागलेलं दूध. खरवडून खावंसं वाटेल असं."

"आणि कॉफी," मावशी म्हणाल्या. "उकळून गार झालेली."

"आणि कॉफी," मास्तर म्हणाले, "उकळून गार झालेली."

टेबलावरची नाकं ग्लासांत गेली. मावशी आता कुणाची वाट न बघता सांगायला लागल्या होत्या, एकामागून एक, भरभर. मास्तरांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"जरा सावकाश सांगा," ते म्हणाले. "मला आठवायला वेळ लागतो."