होडीला सांगते

थोरलीने लाइफ जॅकेटचा पट्टा ओढून घट्ट केला आणि होडीच्या पुढच्या जागेवर बसकण मारली. धाकटी आपल्या लेकीची ट्रॅकपँट घालून अजून वाळूतच उभी होती.

"पुढचीने ताल धरायचा, मागचीने दिशा," होडीवाला म्हणाला. "आणि मध्येच मागे वळायचं नाही हं, मावशी. उलटते."

"होडी, मागच्यांना सांग, यायचं तर या," थोरली समोर बघतच म्हणाली.

होडीवाला बुचकळ्यात पडला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, की या दोघी जावा कित्येक वर्षांत एकमेकींशी थेट बोलल्याच नव्हत्या! भांडण कशावरून झालं, हे आता त्यांनाही धड सांगता आलं नसतं. पण घर एक, चूल एक. न बोलून भागतं थोडंच? मग दूध संपल्याचं फ्रिजला सांगायचं, डॉक्टरकडे कधी जायचं ते कपाटाला विचारायचं. दोघींचे नवरे गेले, तेव्हाही त्यांनी भिंतीकडे तोंड करूनच एकमेकींना दोन घास खायला लावले होते.

आता ते घर विकलं होतं. महिनाअखेरीस थोरली मुलाकडे जाणार होती आणि धाकटी मुलीकडे, दोन टोकांच्या दोन गावांत. त्याआधी सगळ्यांनी मिळून मजा करायची म्हणून पोरांनी त्यांना या बेटावर आणलं होतं. काल रात्री किनाऱ्यावरच्या बारमध्ये पोरं नाचली आणि त्यांच्यात धाकटीही नाचली. थोरली खुर्चीत तिच्या चपला सांभाळत बसली होती. तिथेच तिने ठरवलं, सकाळी होडीत बसून विचारायचं. पोरं उन्हं वर येईतो झोपणार, आणि होडीतून कुणाला उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही.

धाकटी अखेर मागे बसली.

सुरुवातीला होडी नुसतीच गोल फिरली. थोरली डावीकडे वल्हं मारायची, त्याच क्षणी धाकटी उजवीकडे.

"होडीबाई, पुढच्यांना म्हणावं, आधी डावं, मग उजवं. नाचताना पोरांनाही जमतं!"

थोरलीला हसू आलं, पण ते मागे दिसणार नव्हतं. तिने निमूट ताल धरला. होडी सरळ झाली. किनारा मागे पडला आणि पाणी इतकं नितळ झालं की खालची वाळू दिसू लागली. थोरलीला पाण्याची जन्माची धास्ती. पण आज माघार घ्यायची नाही, म्हणजे नाही.

तिने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं.

"होडी," ती म्हणाली. "मागच्यांना सांग, मी दोन खोल्या बघून ठेवल्यात. भाड्याच्या. पोरांकडे जायचं नसेल तर."

मागचं वल्हं थांबलं. लाटा होडीच्या बुडाला थपथप करत राहिल्या. थोरलीला धाकटीच्या चेहऱ्यावर काय आहे ते पाहायचंच होतं. होडीवाल्याने बजावलेलं सगळं विसरून ती गर्रकन मागे वळली.

नाकातोंडात खारं पाणी गेलं. जॅकेटने तिला बुचासारखं वर आणून सोडलं.

"ताई! अहो ताई! कुठं आहात?"

उलट्या होडीच्या पलीकडून धाकटीचं डोकं वर आलं. केस चेहऱ्याला चिकटलेले, डोळे भेदरलेले. थोरलीला पाहताच तिने होडीवरून हात लांबवला आणि तिचं मनगट गच्च पकडलं.

"इथंच आहे गं," थोरली म्हणाली. दात वाजत होते, तरी तिने नजर हटवली नाही. "तुलाच विचारतेय. येशील का राहायला?"

किनाऱ्यावरून होडीवाला शिट्टी फुंकत दुसरी होडी पाण्यात ढकलत होता.

"आधी वल्हं धरा तुमचं, वाहून चाललंय," धाकटी म्हणाली. तिने मनगट मात्र सोडलं नाही. "खिडकी कुठल्या खोलीला आहे?"