ताईचं विमान वाकडं का चाललंय

ताई वेळेत पोहोचली. आईचं ऑपरेशन झालं, आई वाचली आणि दुसऱ्याच दिवशी चहा पाणचट आहे म्हणून नर्सशी भांडली. पण हे तुम्ही ऐकलेलं नाही. ताईच्या भावाला, शिंप्याला, यातलं काहीच ठाऊक नाही. तो गळ्यात टेप अडकवून दुकानात येरझाऱ्या घालतोय, आणि त्याला एकट्याला घोर लावून आपण निवांत बसणं बरं दिसत नाही.

तर, ताई अजून हवेत आहे. पार जगाच्या दुसऱ्या टोकाच्या शहरातून निघालीय, तेरा तासांचा प्रवास. इकडे आईनं दवाखान्यात फर्मान काढलंय: लेकीचं तोंड बघितल्याशिवाय आत जाणार नाही. सर्जननं संध्याकाळची वेळ दिलीय. ती हुकली की तो महिनाभर रजेवर. आईच्या हृदयाची झडप महिनाभर दम धरेल, असं कुणीच म्हणत नाही.

दुकानाच्या भिंतीवर शिंप्याच्या मुलीचा शाळेचा जगाचा नकाशा होता. शिंप्यानं दोन्ही शहरांवर टाचण्या टोचल्या, टेप ताणली आणि खडूनं सरळ रेघ मारली. मोबाइलवर दिसणारं ताईचं विमान मात्र त्या रेघेच्या आसपासही नव्हतं. ते वर, बर्फाकडे निघालं होतं.

"पायलट रस्ता चुकलाय!"

"अहो, त्याचा रोजचाच रस्ता आहे तो," काज करणारी बायको मान वर न करता म्हणाली.

"मग वळसा कशाला? वाटेत कुणाला सोडायचंय?"

त्यानं विमान कंपनीला फोन लावला. "मॅडम, तुमचं विमान कडेकडेनं चाललंय. मधून घ्यायला सांगा. मधे मोकळं आहे, मी बघतोय ना." पलीकडून संगीत सुरू झालं.

बायकोनं सुई खाली ठेवली. नव्या कोटाच्या ट्रायलला आलेला ठेकेदार आरशासमोर पोट सांभाळत उभा होता. तिनं त्याच्या दोन्ही बरगड्यांवर खडूचे ठिपके काढले.

"मापा. आधी पोटाच्या फुगवट्यावरून आडवं, मग छातीकडून वळसा घेऊन."

शिंप्यानं मापलं. पुन्हा मापलं. "वळशानं कमी भरतंय."

"नकाशा चपटा आहे, जग यांच्यासारखं आहे."

"वहिनी, मी श्वास सोडू का?" ठेकेदारानं विचारलं.

शिंपी मटकन स्टुलावर बसला. "म्हणजे हाच जवळचा रस्ता?"

"हाच."

"याहून जवळचा नाही?"

"नाही हो."

चुकलेला पायलट परवडला असता. त्याच्यावर ओरडता तरी आलं असतं. मोबाइलवर विमान जागचं हलत नव्हतं. दवाखान्यातून दोनदा फोन येऊन गेला होता. शिंप्यानं बेतायचा खाकी कागद ओढला आणि खडूनं लिहायला घेतलं:

'मा. संबंधित अधिकारी यांस, सविनय विनंती की, सदर दोन शहरांमधील पृथ्वी आज संध्याकाळपुरती आत घेऊन मिळावी. कापू नये, नुसता कच्चा टाका घालावा. आईला आत नेल्यावर अर्जदार स्वखर्चाने उसवून देईल. काम तातडीचे आहे.'