पाण्यात गप्प बसायचं नाही

मित्रांनो, मी एक जुना, जागोजागी चिरा गेलेला तरंगपट्टा आहे. पोहता न येणाऱ्यांच्या कमरेला मला बांधतात, म्हणजे पाण्यात त्यांचा तोल जात नाही. कारखान्यात फोमच्या लादीतून मला कापलं, वर निळं कापड शिवलं, पुढे बक्कल लावलं आणि या तलावावर पाठवलं. तेव्हाचा माझा तोरा काही विचारू नका!

इथे सकाळी रक्तदाबवाल्यांचा वर्ग भरे. छातीभर पाण्यात चालायचं, गुडघे उचलायचे, हात फिरवायचे. शिकवणाऱ्या बाईंचा नियम एकच. "तोंडाची टकळी चालू ठेवा. बोलता येईना, की दम लागला समजायचं आणि थांबायचं. पाण्यात गप्प बसायचं नाही!"

हा नियम जणू थोरलीसाठीच केला होता. थोरली आणि धाकटी या दोघी जावा, एकाच घरातून येत. मी थोरलीच्या कमरेला असे. सुनेपासून शिंप्यापर्यंत ती सगळ्यांचा समाचार घेई आणि तिच्या हसण्याने माझं बक्कलही हले. तलावावरून निघताना धाकटी तिच्या हातावर रक्तदाबाची रोजची गोळी ठेवी. "आधी गिळा, मग बोला," असं बजावी. चार महिन्यांत थोरलीचा रक्तदाब उतरला. बाईंनी सगळ्यांसमोर कौतुक केलं.

"उतरेल नाही तर काय?" धाकटी म्हणाली. "उशीखालची मिठाची डबी मी लपवलीये ना!"

साऱ्या वर्गात हशा पिकला. थोरलीच्या मात्र ते जिव्हारी लागलं. "चारचौघांत माझी शोभा केलीस. आता माझ्याशी बोलू नकोस."

झालं, अबोला सुरू झाला. धाकटी गोळी मुकाट्याने घरीच, स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवू लागली. पाण्यातही दोघींची तोंडं दोन दिशांना. बाईंनी एकदा हटकलं, तर मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, त्यांचा अबोला चाललाय!" बाई हसल्या आणि त्यांनी सोडून दिलं.

दहाव्या दिवशी थोरलीचा श्वास मला वेगळा लागला. आखूड, घाईघाईचा. मी तिच्या पोटाला चिकटलेला, मला सगळं कळत होतं. ओरडावंसं वाटलं, पण पट्ट्याला तोंड कुठलं? धाकटी दोन हातांवर होती. थोरलीचा चेहरा लालबुंद झालेला तिने पाहिला. तो रागच आहे असं समजून तिने मान फिरवली. मग थोरली एका अंगावर कलंडली. लोक धावून येईपर्यंत मी तिला तरंगत ठेवलं. तेवढंच माझ्याकडून झालं.

तिचा जीव वाचला, पण वाचा गेली. अर्धं अंगही लुळं पडलं.

आता धाकटी एकटीच येते आणि मलाच बांधते. परवा ती बाईंना म्हणाली, "ओट्यावर पाच गोळ्या साठल्या होत्या हो. मला रोज दिसत होत्या. पण आधी मी का बोलू, म्हणून गप्प राहिले." पाण्यात गप्प राहायची सूट तर बाईंनीच दिली होती.

घरी ती रोज विचारते म्हणे, "ताई, गिळलीत ना गोळी?" थोरली नुसती मान हलवते.

माझा फोम आता पाणी पितो. लवकरच मला टाकून देतील, त्याचं दुःख नाही. मित्रांनो, रुसायचं तर खुशाल रुसा, चांगले महिनाभर रुसा. पण "गोळी घेतलीस का?" एवढं रोज विचारा आणि मग रुसा.