राखलेली दुसरी जागा

थंडी ओसरलेली आणि उन्हाळा अजून उंबरठ्याबाहेर, अशा एका गुरुवारी सकाळी, एका मोठ्या शहराच्या जुन्या भागात, नदीकडे पाठ करून उभ्या असलेल्या राजवाड्याच्या दारात एक गृहस्थ दोन तिकिटे घेऊन एकटेच उभे होते. वय सत्तरीला टेकलेले, कपडे इस्त्रीचे, स्वभाव त्याहून कडक इस्त्रीचा. एका नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीमागे त्यांची सारी नोकरी सरली होती. बाहेरच्या लोकांना नटांची नावे पाठ असत, ह्यांना खुर्च्यांचे नंबर. म्हणून लहानथोर सगळे त्यांना खुर्चीकाका म्हणत.

त्यांची एकुलती लेक ह्या शहरात लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत कामाला होती. पत्नी गेल्यापासून काकांच्या घरात दिवसभर बोले तो रेडिओ, आणि त्याला उत्तर दिले तरी तो आपलेच पुढे चालवी. तेव्हा लेकीकडे चार दिवस जायचे ठरताच त्यांनी दोन महिने आधी, मोबाईलशी झटापट करून, शहरातली तीन नामांकित ठिकाणे राखून ठेवली: मंगळवारी मनोरा, बुधवारी मत्स्यालय, गुरुवारी राजवाडा. प्रत्येक ठिकाणी जागा दोन. आठवड्याचे मधले वार निवडले, कारण शनिवार-रविवारी गर्दी उसळते. लेकीला मात्र त्यांनी काही विचारले नव्हते. त्यांचे मागणे एवढेच होते, की परत जाण्यापूर्वी एक तरी गोष्ट तिच्या शेजारी उभे राहून पाहावी. समोरासमोर बसलेल्या बापलेकींचे बोलणे जेवणाच्या ताटाबरोबर संपते. शेजारी बसून तिसऱ्याच गोष्टीकडे पाहणाऱ्यांना मात्र शब्द आपोआप फुटतात, हे त्यांनी मध्यंतराच्या गर्दीत कैक वेळा पाहिले होते.

सोमवारी रात्री जेवताना त्यांनी बेत सांगितला आणि लेकीचा घास हातातच राहिला.

"अहो बाबा, विचारायचं तरी! उद्या मला सुट्टी आहे की नाही, हे मलाच आदल्या रात्री कळतं."

"म्हणूनच तिकिटं आधी काढली. वेळ ठरली की माणूस वेळ काढतो."

"लिफ्ट काय वेळ ठरवून बंद पडते? आत माणसं अडकलेली असतात. त्यांना काय सांगू? जरा थांबा, आमच्या वडलांनी बुकिंग केलंय?"

"सांगून तर बघ. कौतुकच करतील."

ती हसली. "आयत्या वेळी निघावं, जे उघडं असेल ते बघावं. नाहीच मिळालं काही, तर बाकावर बसून माणसं बघावी. ती कधी हाउसफुल्ल होत नाहीत."

"आणि दाराबाहेर ती मारुतीच्या शेपटीएवढी रांग असते, ती कुणाची? आयत्या वेळी निघालेल्यांचीच! तहान लागल्यावर विहीर खणणारे सगळे."

"तुमची तऱ्हा उलटी. विहीर खणून तयार, तहान कुणाला लागलीय ते विचारलंच नाही!"

काकांना वाद आवडे, जिंकला तर अधिकच. पण ह्या वाक्यावर त्यांनी ताक मागितले.

मंगळवारी एका इस्पितळाची लिफ्ट अडली आणि लेक पहाटेच अवजारांची पिशवी उचलून गेली. काका एकटेच मनोऱ्यावर चढले. तिथे एका नवदांपत्याने त्यांना फोटो काढून द्यायला सांगितले; त्यांनी तो काढला, आणि मग कुणी आपलाही काढू का म्हणून विचारील, ह्या आशेने उगाच कठड्याशी रेंगाळले. कुणी विचारले नाही. बुधवारी लेक मत्स्यालयाच्या बसथांब्यापर्यंत आली, आणि तिथेच तिचा फोन वाजला. काचेपलीकडून एक अजस्र मासा संथपणे वळला तेव्हा काका उत्साहाने म्हणाले, "बघ गं, कसा वळतोय!" शेजारच्या परक्या बाईने त्यांच्याकडे पाहिले आणि आपल्या मुलीला जवळ ओढले.

त्या रात्री लेक उशिरा आली, दमलेली, मनगटापर्यंत ग्रीसने माखलेली. हात धुता धुताच म्हणाली, "उद्या बघते, बाबा. जमलं तर नक्की येते."

काकांनी मान डोलावली आणि मनातल्या मनात तिच्या नावावर काट मारली. खिडकीवरच्या नोकरीने त्यांना माणसांची एक कसोटी शिकवली होती. "येतो" म्हणणारा येतो, "नाही जमणार" म्हणणाराही एखादे वेळी येतो. पण "बघतो, जमलं तर" म्हणणारा कधी म्हणून आलेला त्यांना ठाऊक नव्हता. अशांसाठी नाट्यगृहात एक रीतच होती. राखलेली जागा दुसऱ्या घंटेपर्यंत धरायची. दुसरी घंटा झाली की ती सोडून द्यायची, मग येणारा प्रत्यक्ष व्यवस्थापकाचा मेहुणा का असेना. बाहेर माणसे ताटकळत असताना आत खुर्ची रिकामी ठेवणे ह्यासारखे दुसरे पाप त्यांच्या लेखी नव्हते.

आणि आता राजवाड्याच्या दारात पहारेकऱ्याने दोरी बाजूला केली, ठरल्या वेळेची मंडळी पुढे सरकू लागली. काकांनी लेकीला फोन लावला. नुसताच वाजत राहिला. शेजारच्या बिनबुकिंगच्या रांगेत, खिडकीवरून नकार ऐकून परत फिरलेली एक प्रौढ बाई, खांद्याला पिशवी लावून, आता कुठे जावे ह्या विवंचनेत उभी होती. काकांच्या कानात दुसरी घंटा वाजली.

"बाई, माझ्याकडे एक जागा जास्त आहे. चला."

"अहो, पण कुणी यायचं असेल ना?"

"लेक यायची होती."

"मग?"

"लिफ्ट," काका म्हणाले, आणि बाई गोंधळून त्यांच्यामागे चालू लागल्या.

दारावर सूचना होती की फोनचा आवाज बंद ठेवावा. बाकीच्यांनी एक कळ दाबली. काकांनी फोनच समूळ बंद केला. खेळ सुरू असताना वाजणाऱ्या फोनशी त्यांचे जुने वैर होते.

दरबाराचे छत खरोखर पाहण्यासारखे होते. निळ्या रंगात सोनेरी पक्षी उडत होते, आणि प्रत्येक पक्ष्याची चोच दुसरीकडे वळलेली होती. काकांना सांगावेसे वाटले, की चित्रकाराने एकाही पक्ष्याला जोडीदार दिलेला नाही. त्यांनी वळून पाहिले. बाई माहिती सांगणारे यंत्र कानाला लावून केव्हाच पुढच्या दालनात गेल्या होत्या. रिकामी जागा भरली होती. काकांचे शेजारपण मात्र तसेच रिते होते. ते मान वर करून इतका वेळ उभे राहिले, की मानेला रग लागली.

बाहेर पडण्याच्या दाराजवळ, दगडी कठड्यावर, कंपनीच्या निळ्या कपड्यांतच लेक बसली होती. अवजारांची पिशवी पायाशी होती.

"अगं, तू?"

"सहकाऱ्याशी पाळी बदलून आले. बसमध्ये होते, फोन पिशवीच्या तळाशी. उतरून लावला, तर तुमचा बंद. दाराशी पळत गेले तर पहारेकरी म्हणतो, तुमच्या दोन तिकिटांवर दोन माणसं आत गेली. मी म्हटलं, दुसरी मीच आहे. म्हणाला, मग तुम्ही आत आहात."

काका हसले, पण ती हसली नाही.

"दुसरं तिकीट काढू म्हटलं, तर परवापर्यंतचं भरलंय. तेवढं मात्र तुमचं खरं. आधीच काढायला हवं."

जिंकलेल्या वादाचा काकांना त्या क्षणी काडीचाही आनंद झाला नाही. तरी जिभेची सवय जाईना. "तू 'बघते' म्हणालीस. बघते म्हणणारा माणूस येत नाही. रांगेत ती बाई उभी होती, जागा फुकट गेली असती. आमच्याकडे दुसरी घंटा झाली की..."

"मी तुमच्या खिडकीवर उभी होते का, बाबा?"

काकांनी कठड्यावर तिच्या शेजारी बसायला हात टेकला, तोच तिने घड्याळ पाहिले आणि पिशवी खांद्याला लावली. पाळी अर्ध्याच दिवसाची बदलून मिळाली होती, आणि काकांची गाडी संध्याकाळची होती.

"किती उशीर झाला तुला?" त्यांनी विचारले.

"पहारेकरी दोरी परत लावत होता. एवढाच."

"मग मी काय करायला हवं होतं?"

बसथांब्याकडे दोन पावले गेलेली लेक वळली.

"थांबायला हवं होतं," ती म्हणाली.