पावागडची चढण

माचीला जीप थांबली तशी शलाकाने सासऱ्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली.

"आबा, रोपवेला आज फार गर्दी नाही."

"रोपवेत बसलं की डोंगर दिसतच नाही," म्हणत दत्ताजीराव पायऱ्यांकडे वळले.

शलाकाचा नवरा रणवीर असताना थंडी सरता सरता बापलेक दर वर्षी पावागड पायी चढायचे. तो आजारपणात गेला, त्यानंतर दत्ताजीराव कधी आलेच नव्हते. या वर्षी आपणहून त्यांनी विचारलं, "येतेस?" शलाका लगेच हो म्हणाली. निजामपुऱ्याच्या घरात जे तोंडातून निघत नव्हतं, ते उघड्यावर निघेल असं तिला वाटलं.

अर्ध्या वाटेवर एका ताकवालीने हाक दिली, "बेसो काका, छास पीवी छे?"

दोघं बसली. उतारावर पळस फुलला होता. खाली झाडीतून चांपानेरच्या जुन्या मशिदीचे मिनार वर आले होते. दत्ताजीरावांना धाप लागली होती. ते पाहून शलाकाने नजर फिरवली.

"बोल," ते म्हणाले.

"काय?"

"मघापासून नुसतं 'आबा' म्हणतेस आणि थांबतेस."

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आमच्या शाळेत सौमित्र सर आहेत. भूगोल शिकवतात. त्यांनी लग्नाचं विचारलंय."

"मग? काय सांगितलंस?"

"अजून काहीच नाही."

"माझ्यामुळे?"

तिने ओढणीचं टोक सोडून पुन्हा गुंडाळलं.

दत्ताजीरावांनी दरीकडे पाहिलं. एक घार त्यांच्याही खालून तरंगत गेली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पण लगेच लावला नाही.

"आबा, तुम्ही नको म्हणालात तर..."

"डोंगर चढतो का तो?"

"कोण?"

"तुझे सर."

शलाकाला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. "शाळेचा जिना चढले तरी धापा टाकतात."

"भूगोलाचा मास्तर, आणि डोंगर चढवत नाही?" गुडघ्यांवर हात टेकून दत्ताजीराव उठले. "बरंच झालं. पुढच्या वर्षी तू पुढे चालत जा. आम्ही दोघं मागून येऊ सावकाश."